निळ्या पाण्यावर तरंगलेला थेंब

मी जिनिंगमध्ये फिटर आहे. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं चालती ठेवायची, हे माझं काम. मारेगावहून वणीकडे जाताना रस्त्याला लागून आमची जिनिंग आहे. हंगामात तिथे इतका गोंगाट असतो की शेजारी उभी असलेली माणसंही हातवाऱ्यांनी बोलतात. अशा गोंगाटात तुला वेगळं काय ऐकू येतं, असं लोक विचारतात. पण मला येतं. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक बेअरिंगच्या डब्यावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. चांगलं बेअरिंग एकसारखं, गुळगुळीत वाजतं. बिघडायला लागलं की त्यात खरखर येते, आणि ती यंत्र बंद पडण्याच्या कितीतरी आधी मला कळते. ऐकून झालं की मी मुकादमाकडे बघून, हात उंचावून ओरडतो, "चालू द्या!" नाहीतर, "बंद करा!" सारी जिनिंग माझ्या कानावर चालते असं मी घरी म्हणालो की बायको म्हणते, "जास्त फुगू नका जी." पण गोष्ट खरी होती.

त्याच कानाने मला एक वर्ष असं फिरवलं की अजून विचार केला तरी अंगावर काटा येतो. कानात आवाज घेऊन गुपचूप फिरणारी माणसं बरीच असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांच्यातल्या एखाद्याने तरी हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

*

संक्रांत झाली होती. कापसाची आवक जोरात होती आणि गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. त्या दिवशी सकाळी मला एका यंत्राजवळ नवा आवाज ऐकू आला. हूंऽऽ, हूंऽऽ, असा चढणारा आणि उतरणारा. खरखर नव्हती, पण आपल्या यंत्रांचा हा आवाज नव्हे, एवढं मला कळलं. पेचकस लावला. आवाज होता. पुढच्या यंत्राला लावला, तिथेही होता. मग मी ठरवलं की मूळ एकाच बेअरिंगमध्ये आहे आणि बाकीच्यांना त्याचा हादरा पोचतो आहे.

"बंद करा!" मी ओरडलो.

भर आवकीत यंत्र बंद झालं. बेअरिंग उघडलं, पुसलं, बोटाने फिरवलं. नव्यासारखं होतं. एकही गोळी खराब नाही, ग्रीस स्वच्छ. मी दुसऱ्या बाजूचंही उघडलं. तेही तसंच. फिटरच्या आयुष्यात याच्याइतकं लाजिरवाणं दुसरं काही नाही.

शेठजी येऊन उभे राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "फिटरभाऊ, उमर होते माणसाची. पुढच्या सीझनले नागपूरहून ते मशीन आणू, बेअरिंग तपासायचं. तुम्ही आपली ग्रीसिंग पाहा."

ग्रीसिंग कोणीही करतो. ऐकणं माझं होतं. मला इतका राग आला की मी जेवणाचा डबा न उघडता परत घरी आणला. रागापेक्षाही भीती मोठी होती, पण ती मी त्या दिवशी कोणाला सांगितली नाही.

*

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी लाइन गेली. जिनिंगमधली लाइन जाते तेव्हा सगळी यंत्रं हळूहळू मंद होत थांबतात, आणि मग अशी शांतता पडते की हवेत उडणारी रुई खाली बसतानाही दिसते. माणसं रुमाल काढून तोंड पुसायला लागली. मी यंत्राला टेकून उभा होतो.

हूंऽऽ. हूंऽऽ.

एकही चाक फिरत नव्हतं आणि बेअरिंग वाजत होतं.

मी पेचकस खाली ठेवला. आवाज तिथेच. कानात बोटं घातली, तर उलट वाढला. मी शेडबाहेर गेलो, कापसाच्या ढिगाला वळसा घालून पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढलो. वर पोचेपर्यंत धाप लागली, आणि जशी धाप लागली तसा आवाज भराभर यायला लागला. थोडा वेळ बसलो, तर तोही संथ झाला. भार वाढला की वेग वाढतो, भार उतरला की कमी होतो. यंत्राचे नियम मला ठाऊक आहेत. मी मनगटावर बोट ठेवलं. नाडीचा ठोका आणि कानातला आवाज बरोबर एकाच वेळी येत होते.

त्या टाकीजवळ बसून मला जे वाटलं ते नीट सांगता येत नाही. भीती होतीच, पण तिच्याबरोबर नवलही होतं. इतकी वर्षं मी जगातली सगळी चाकं ऐकली, आणि माझ्या आत जे चाललं आहे ते कधी ऐकलं नव्हतं. ते आता मला ऐकू येत होतं आणि मला ते बंद करता येत नव्हतं.

*

घरी मी आणि शोभा दोघंच असतो. मुलगी प्रज्ञा अमरावतीला शिकते. शोभाला मी कानाचं सांगितलं, बाकीचं नाही. बाकीचं म्हणजे चढ चढताना लागणारी धाप, उठताना येणारी चक्कर, आणि परसाकडे डांबरासारखं काळं होत होतं ते. हे बायकोजवळ कसं बोलायचं? मी ठरवलं की उडदाची डाळ जास्त झाली असेल.

आणि सांगण्यासारखी गंमत म्हणजे मी गोरा व्हायला लागलो होतो. सासूबाई मला पाहून म्हणाल्या, "जावई तं उजळले वं शोभा! काय लावून राह्यले?" आम्ही पोट धरून हसलो. मी दोन दिवस आरशात पाहत होतो. रक्त उतरल्याने आलेला पांढरेपणा होता तो, आणि आम्ही त्याचं कौतुक करत होतो.

शोभाने मागे लागून मला वणीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथल्या बाकावर राजूरच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले एक काका बसले होते. त्यांच्या कानात कुकरची शिट्टी वाजत होती, आणि ती कधी थांबतच नव्हती. ते म्हणाले, "माह्यं रक्त तपासलं, शुगर तपासली, थायरॉईड का काय ते तपासलं. सारं चोख निघालं बाप्पा. कानच तेवढा चोख नाही." आणि एवढं बोलून ते हसले. त्या हसण्याचा मला तेव्हा फार राग आला होता.

डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवून कान तपासला. बारीक आवाज थोडे कमी ऐकू येतात, पण जिनिंगमधल्या माणसाच्या मानाने कान उत्तम आहे, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आवाज नाडीबरोबर येतो म्हणता ना? मग आधी रक्त तपासून घ्या. रक्त कमी असलं तरी कान वाजतो."

बाहेर आल्यावर मी शोभाला म्हणालो, "कानाचं दुखणं अन् रक्त कायले तपासाचं? कायच्या काय सांगते."

"तपासून घ्या ना पण. काय बिघडते?"

"चौदा एप्रिलले देतोच ना मी रक्त. तिथं तपासतेच थे."

तेव्हा मार्च सुरू होता. आमच्या वस्तीत बाबासाहेबांच्या जयंतीला रक्तदान शिबिर असतं आणि त्यात पहिलं नाव माझं असतं. पहिली पिशवी फिटरभाऊची, हा आमच्याकडचा रिवाजच झाला होता. दर वर्षी रक्त देणाऱ्या माणसाचं रक्त कमी असूच कसं शकतं? ज्याचं रक्त दुसऱ्याला चालतं त्याला स्वतःला कमी पडेल, हे माझ्या डोक्यातच शिरत नव्हतं. तो महिना मी तसाच काढला.

*

जयंतीच्या सकाळी विहारासमोर मांडव होता. निळे झेंडे, पांढरे कपडे, लाऊडस्पीकरवर भीमगीतं. यवतमाळहून रक्तपेढीची गाडी आली होती. टेबलावर एका काचेच्या भांड्यात मोरचुदाचं निळं पाणी होतं. प्रत्येकाच्या बोटातून रक्ताचा एक थेंब काढायचा आणि त्या पाण्यात सोडायचा. थेंब बुडाला तर रक्त चांगलं, माणूस पलंगावर जाऊ शकतो. मी हे कितीदा पाहिलं होतं. माझा थेंब नेहमी दगडासारखा खाली जायचा आणि मी थांबून बघायचोही नाही, थेट पलंगाकडे चालायला लागायचो.

त्या दिवशीही मी तसाच निघालो.

"काका, थांबा," टेबलामागच्या ताई म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. निळ्या पाण्यावर माझा थेंब तरंगत होता. लाल, गोल, थोडा हलत होता. खाली जायचं नावच घेत नव्हता.

पोरं हसली. "फिटरभाऊ, तुमचं रक्त पोहते!" मीही हसलो. ताई हसल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या बोटाला टोचलं, दुसरा थेंब सोडला. तोही वरच राहिला. मग त्यांनी माझ्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, माझे तळहात उलटून पाहिले आणि विचारलं, "तुमच्या घरचं कोणी आहे का इथे?"

त्या प्रश्नाने मांडवातला सगळा आवाज माझ्यासाठी थांबला. फक्त एक उरला. हूंऽऽ. हूंऽऽ. त्या इवल्याशा थेंबाकडे बघत मी तो ऐकत होतो, आणि पहिल्यांदा मला कळलं की कानात जे वाजत होतं ते आणि पाण्यावर जे तरंगत होतं ते एकच आहे.

*

त्याच दुपारी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात दाखल झालो. हिमोग्लोबिन जेमतेम चार निघालं. तपासायला आलेल्या डॉक्टर मॅडम प्रज्ञापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. कागद पाहून त्या म्हणाल्या, "काका, एवढ्या रक्तावर तुम्ही चालत आलात?"

"गाडीवर आलो जी," मी म्हणालो. शोभाने डोळे वटारले.

मॅडमना मी कानाचं सांगितलं. त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या छातीला नाही, मानेला लावला, उजव्या कानाच्या खाली. डोळे मिटले. बेअरिंग ऐकताना मी मिटतो, अगदी तसेच. मग डोळे उघडून म्हणाल्या, "आहे की आवाज. मलाही येतोय."

वाचणाऱ्याला यात काय मोठं वाटेल माहीत नाही. पण तीन महिने माझ्या डोक्यात जे एकट्याने वाजत होतं, ते आणखी कोणीतरी ऐकलं होतं. माझा कान खोटं बोलला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवावं असं मला वाटलं नाही.

मॅडमनी माझ्या मानेवर एक बोट अलगद ठेवलं. आवाज थांबला. बोट उचललं, आवाज आला. पुन्हा ठेवलं, पुन्हा थांबला. माझं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी समजावलं की मानेतली मोठी शीर कानाच्या अगदी जवळून जाते. रक्त पातळ झालं की हृदयाला ते जास्त वेगाने पळवावं लागतं, आणि त्या धावत्या रक्ताचा आवाज कानाला येतो. "पण हे तुम्ही घरी दाबून बघायचं नाही," असा दमही दिला.

माल कमी, म्हणून फेऱ्या जास्त. एवढं तर मला समजायलाच हवं होतं.

मग शोभाने ऐकायला मागितलं. कानात नळ्या घालून ती माझ्या मानेवर वाकली आणि दचकून मागे सरली. "बाप्पा! नाल्याले पूर आल्यावानी वाजते." मग तिने नळ्या काढल्या आणि तिचा बांध फुटला. "साऱ्या जिनिंगचं आयकता. सोताचं कधी आयकलं का जी तुम्ही? मी कोण होतो तुमची? मले काहून नाही सांगतलं?" सगळ्या वॉर्डासमोर ती रडली आणि भांडली. परसाकडे काळं होत असल्याचं तेव्हाच माझ्या तोंडातून निघालं. मॅडमनी लगेच विचारलं, "कसल्या गोळ्या घेता?"

गुडघेदुखीच्या. कितीतरी दिवस मी दुकानातून पाकीट आणून सकाळच्या कोऱ्या चहाबरोबर, रिकाम्या पोटी, पेपरमिंटसारख्या गोळ्या खात होतो.

*

रक्ताची पहिली पिशवी संध्याकाळी लागली. मी ती टांगलेली पाहत पडलो होतो. इतक्या वर्षांत कितीदा रक्त दिलं, पण ते पुढे कुठे जातं हा विचार मनात कधी आला नव्हता. दिलं, बिस्किटं खाल्ली, चहा पिऊन घरी आलो. आता मी त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला होतो. पिशवीवर गट लिहिलेला होता. नाव नव्हतं, गाव नव्हतं, जात नव्हती. कोणीतरी, कुठल्यातरी मांडवात, माझ्यासारखंच बाही वर करून झोपलं असेल. त्या माणसाचं रक्त थेंब थेंब माझ्या हातात उतरत होतं आणि माझं शरीर ते आपलं म्हणून घेत होतं. मी हात जोडायला गेलो, तर सुई दुखली आणि सिस्टर ओरडल्या, "हात हलवू नका!"

प्रज्ञा अमरावतीहून आली. माझे पाय दाबत बसली आणि मधेच म्हणाली, "बाबा, आता जरासे काळे दिसून राह्यले तुम्ही." आमच्या घरात हे बोलणं एवढ्या आनंदाने पूर्वी कोणी केलं नव्हतं.

रक्त चढत असतानाच्या दिवसांतली एक सकाळ मला आठवते. जाग आली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने कळलं की आवाज नाही. मी श्वास धरून पडून राहिलो. खिडकीत कबुतर घुमत होतं. व्हरांड्यात खराटा फिरत होता. पलीकडच्या आजीने डब्याचं झाकण काढलं. शोभा माझ्या पलंगाखाली सतरंजीवर झोपली होती, तिने कूस बदलली आणि बांगड्या वाजल्या. मी त्या बांगड्या ऐकल्या. लग्नानंतर प्रथमच ऐकल्यासारख्या ऐकल्या. शोभा उठली तेव्हा मी कानाकडे हात नेला आणि आवाज नाही अशी मान हलवली.

नंतर तोंडातून नळी घालून पोट तपासलं. ते अवघड होतं, खोटं बोलत नाही. पण पडद्यावर माझं आतलं पोट दिसलं, ओलं, गुलाबी, आपोआप हलणारं, आणि त्यात त्या गोळ्यांनी पाडलेली चिंचोक्याएवढी जखम. तिथून महिनोन् महिने रक्त झिरपत होतं, आणि हा सगळा कारखाना तरीही मला न विचारता, एकही दिवस बंद न पडता चालला होता.

*

घरी आल्यावर लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी परसाकडे पुन्हा काळं झालं. या वेळी मात्र मी तसाच धावत जाऊन शोभाला सांगितलं. तिने फोन लावला. लोहाच्या गोळ्यांनी तसं होतंच, असं तिकडून सांगितलं. गुडघ्याच्या गोळ्या शोभाने चुलीत टाकल्या. चहाने लोह अंगी लागत नाही, म्हणून जेवणाबरोबरचा आणि गोळीबरोबरचा चहा बंद झाला. कलेजी, मेथी, चवळी यांना मी इतका कंटाळलो की एकदा ताटावरून उठलो, आणि बोलणी खाऊन परत बसलो.

वणीच्या डॉक्टरांकडे दाखवायला गेलो तेव्हा राजूरचे काका पुन्हा भेटले. त्यांची शिट्टी चालूच होती. माझा आवाज गेला हे त्यांना सांगायची मला लाज वाटत होती, पण सांगितलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. "तुह्यं कारण रक्तात सापडलं. माह्यं नाही सापडत. मी तिच्यासंगं राहाचं शिकून राह्यलो. झोपताना पंखा लावतो, पंख्याच्या आवाजात ते विरून जाते." हे मुद्दाम लिहितो आहे. कान वाजणाऱ्या प्रत्येकाचं माझ्यासारखं होईल असं नाही. कितीतरी जणांचे रक्ताचे कागद स्वच्छ येतात आणि आवाज राहतो. पण तपासून तर घ्या, कोणत्या जयंतीची वाट पाहू नका.

*

दसऱ्यानंतर जिनिंग उघडली. हंगामाआधी यंत्रं रिकामी फिरवून पाहतात. शेठजी नेहमीपेक्षा जवळ उभे होते. नागपूरचं मशीन अजून आलं नव्हतं, पण येणार नाही असंही ते म्हणाले नव्हते. मुकादम माझ्याकडे पाहत होता.

पहिल्या यंत्राला पेचकस लावला. एकसारखं, गुळगुळीत. "चालू द्या!"

दुसऱ्याला लावला. आवाज होता. बारीक, अडखळणारा. हा यंत्राचा की माझा? पुन्हा तेच झालं तर आयुष्यभर ग्रीसचा डबा हातात घेऊन फिरायचं होतं.

मी पेचकस उचलला. आवाज गेला. टेकवला. आवाज आला. उचलला. गेला. मॅडमच्या बोटासारखा पेचकस मी कितीदा तरी ठेवला आणि उचलला, आणि प्रत्येक वेळी माझं डोकं स्वच्छ, शांत होतं. यंत्र वाजत होतं, मी वाजत नव्हतो.

"बंद करा!"

बेअरिंग उघडलं. आतली, गोळ्यांना धरून ठेवणारी पिंजरी तडकली होती आणि दोन गोळ्या काळ्या पडल्या होत्या. शेठजींनी ती हातात घेऊन उजेडात धरली, फिरवली, आणि मुकादमाला म्हणाले, "फिटरभाऊसाठी चहा सांगा." नागपूरचं नाव त्यानंतर निघालं नाही. लोहाच्या गोळीची वेळ होती म्हणून चहा मी घेतला नाही, पण तो फार गोड वाटला.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा शोभा पोळ्या करत होती. मी सगळं सांगितलं, थोडं वाढवूनच सांगितलं. तिने तवा उतरवला, लाटण्याचं पीठ पदराला पुसलं आणि म्हणाली, "बसा इथं. हलू नका."

लाटण्याचं एक टोक तिने माझ्या छातीवर टेकवलं, दुसऱ्यावर कान ठेवला आणि डोळे मिटले. मी विचारायला गेलो, तर हाताने गप्प केलं. बराच वेळ ती तशीच ऐकत राहिली. मला तिच्या केसांचा वास येत होता आणि बाहेर कुठेतरी गाय हंबरत होती.

"काय म्हणते?" मी शेवटी विचारलं.

शोभाने डोळे उघडले आणि साऱ्या जिनिंगला ऐकू जाईल एवढ्या जोरात ओरडली, "चालू द्या!"